संगणकास चटका बसतो काय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं तीन पत्रांत एकाच प्रश्नानें डोकें वर काढलें आहे. सबब ठरविलेला विषय मागें ठेवून या खेपेस तोच हातीं घेतला आहे. तीनही पत्रें गृहिणींचीं आहेत. एकींच्या घरीं सूनबाईंसाठीं विजेवर चालणारी स्कूटर घ्यावयाची आहे. दुसरींच्या घरीं ती आली असून रोज रात्रीं जिन्याखालीं चार्जिंगला लागते. आणि तिसरींच्या यजमानांस असली गाडी दारांत उभी करणेंच पसंत नाहीं. "दुकानदारानें दिलेल्या पत्रकांत लिहिलें आहे कीं, हिच्या बॅटरीच्या उष्णतेची परीक्षा संगणकावर झालेली आहे. पण संगणकास का चटका बसतो? चूल न पेटवितां भाकरी भाजली कीं करपली हें कसें कळावें?" असें त्यांपैकीं एका भगिनींनीं विचारिलें आहे. प्रश्न विनोदानें केलेला असला तरी त्यांतील शंका खरी आहे, आणि तिचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देण्याजोगें नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं. इंग्रजींत ज्यास सिम्युलेशन म्हणतात त्यास मराठींत कोणी अनुकरण म्हणतात, कोणी आभासन. आभास म्हटला कीं शिंपल्यावर दिसणाऱ्या रुप्याची आठवण होते, म्हणून तो शब्द आम्हांस रुचत नाहीं. येथें प्रतिरूपण हा शब्द योजिला आहे. मूळ वस्तूचें रूप अंकांत उतरवावयाचें, त्या अंकांवर निसर्गाचे नियम चालवावयाचे, आणि वस्तु प्रत्यक्ष घडविण्यापूर्वींच तिचें काय होईल तें पाहावयाचें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां वाहनास या गणिताची गरज कां पडावी? कारण वाहन म्हणजे चाकांवरची चूलच होय. पेट्रोलच्या एंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ठोकळमानानें एक तृतीयांशच उपयोगी काम करिते. दुसरा तृतीयांश धुराबरोबर नळींतून निघून जातो, आणि उरलेला बहुतेक भाग एंजिनाच्या अंगांत शिरतो. सिलिंडरांत ज्वलनाच्या क्षणीं उष्णतामान दोन हजार अंशांच्या वर चढतें. आणि ज्या ॲल्युमिनियमचें एंजिन ओततात तें ६६० अंशांवरच वितळतें. असें असतां एंजिन वितळत नाहीं याचें सारें श्रेय त्याच्या भोवतीं खेळणाऱ्या पाण्यास आणि तें पाणी निवविणाऱ्या रेडिएटरास आहे.

ज्यांनीं पूर्वीं एस्. टी. नें उन्हाळ्यांत घाट चढले आहेत त्यांस हें वेगळें सांगावयास नको. घाटमाथ्यावर गाडी थांबावी, चालकानें फडक्यानें हात राखीत झांकण सैल करावें, वाफेचा फवारा उसळावा, आणि वाहकानें कोठून तरी बादलीभर पाणी आणावें, हा देखावा एके काळीं नित्याचा होता. त्यांतील शास्त्र मोठें मौजेचें आहे. जसजसें उंच जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो व पाणी लवकर उकळूं लागतें. महाबळेश्वरीं तें सुमारें ९५ अंशांवरच उकळतें. म्हणजे एंजिनास पाण्याची गरज सर्वांत अधिक त्या चढावरच पाणी दुबळें होतें. यावर उपाय म्हणून रेडिएटरास दाब धरणारें झांकण बसवितात. कुकराच्या शिटीसारखेंच तें. त्यायोगें आंतील पाणी १२० अंशांच्या आसपास येईपर्यंत उकळत नाहीं.

याहूनहि चमत्कारिक गोष्ट अशी कीं, घाट चढून गाडी बंद केल्यावर बॉनेटखालील पुष्कळशा भागांचें उष्णतामान कांहीं वेळ उतरण्याऐवजीं चढतें. गाडी थांबली म्हणजे समोरून येणारा वारा थांबला; एंजिन थांबलें म्हणजे पाण्याचा पंपहि थांबला; पण लोखंडांत सांठलेली उष्णता तेथेंच आहे, ती आतां हळूहळू शेजारच्या रबरी नळ्यांत व तारांत पसरूं लागते. खालीं उतरविलेल्या पितळी पातेल्यांतलें दूध जसें आणखी क्षणभर वर येत राहतें तसाच हा प्रकार. जी नळी धांवत्या गाडींत वर्षानुवर्षें टिकते तीच या उभ्या गाडीच्या उकाड्यानें तडकते.

असले दोष पूर्वीं कसे कळत? गाडी बनवावयाची, ती तापवावयाची, जें जळेल तें पाहावयाचें, आणि पुन्हा बनवावयाची. ही रीति अगदीं प्रामाणिक खरी, परंतु फार खर्चाची आणि फार वेळ खाणारी. शिवाय जळालेल्या नळीवरून ती जळाली एवढेंच समजतें. उष्णता कोणत्या वाटेनें तेथवर आली हें समजत नाहीं.

वाटेचे नियम मात्र मनुष्यास पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहेत. तापलेली वस्तु भोवतालच्या मानानें जितकी अधिक तापलेली तितकी ती अधिक वेगानें निवते, असें न्यूटननें सन १७०१ मध्यें सांगितलें. घन पदार्थांतून उष्णता कशी वाहते याचें संपूर्ण गणित फूर्ये या फ्रेंच पंडितानें १८२२ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. तापलेल्या वस्तूपासून किरणांच्या रूपानें किती उष्णता बाहेर पडते याचा नियम स्टेफाननें १८७९ सालीं काढला. वाहत्या हवेचीं व पाण्याचीं समीकरणें नेव्हिए व स्टोक्स यांनीं १८४५ पर्यंत सिद्ध केलीं. मग अडलें कोठें? अडलें तें उत्तर काढण्यांत. गोळा, पत्रा, सरळ नळी अशा सुबक आकृतींसाठीं हीं समीकरणें कागदावर सुटतात; बॉनेटखालच्या अडगळीसाठीं तीं सुटत नाहींत. वाहत्या द्रवाच्या समीकरणांस त्रिमित अवकाशांत सर्वदा निर्मळ उत्तर असतें कीं नाहीं, हें सिद्ध करून दाखविणारास अमेरिकेंतील क्ले गणित-संस्थेनें २००० सालीं दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक लाविलें आहे.

जेथें ताठ मानेनें जातां येत नाहीं तेथें वाकून जावें, तसा मार्ग गणित्यांनीं काढला. वस्तूचे बारीक बारीक खण पाडावयाचे, आणि प्रत्येक खणापुरता साधा व्यवहार मांडावयाचा: शेजाऱ्यांकडून आलें किती, शेजाऱ्यांस गेलें किती, शिल्लक उरलें किती. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या भगिनींस हें नवीन नाहीं. उदाहरणच घेऊं, म्हणजे मुलांसहि तें कागदावर करून पाहतां येईल.

एक लोखंडी पळी आहे. तिचें एक टोंक उकळत्या पाण्यांत १०० अंशांवर आहे, दुसरें टोंक ३० अंशांवर राखलें आहे, आणि दांड्याच्या कडांनीं उष्णता जात नाहीं असें धरूं. दांड्याचे चार समान भाग करून मध्यें तीन खुणा केल्या. पुरेसा वेळ गेल्यावर प्रत्येक खुणेचें उष्णतामान तिच्या दोन शेजाऱ्यांच्या बरोबर मध्यावर असलें पाहिजे. नाहीं तर आवक व जावक जुळणार नाहीं. आतां उत्तर ठाऊक नाहीं असें समजून तीनही खुणांस ३० अंश देऊन टाकूं. पहिल्या खुणेचे शेजारी १०० व ३०; मध्य ६५. दुसरीचे शेजारी आतां ६५ व ३०, मध्य ४७·५. तिसरीचे ४७·५ व ३०, मध्य ३८·७५. एक फेरी झाली. पुन्हा पहिलीपासून आरंभ करावा: ७३·७५, ५६·२५, ४३·१२५. तिसऱ्या फेरींत ७८·१२५, ६०·६२५ आणि ४५·३१ येतात. खरें उत्तर ८२·५, ६५ व ४७·५ असें आहे. मधल्या खुणेकडे पाहा: पहिल्या फेरीनंतर चूक १७·५ अंशांची होती, दुसरीनंतर ८·७५, तिसरीनंतर ४·३७५, दर फेरीस ती निम्मी होत चालली आहे. खोट्या अंकांपासून निघालों आणि नुसत्या शेजारधर्माच्या बळावर खऱ्याकडे चाललों आहों!

ज्या वाचकांस ज्योतिषगणिताचा परिचय आहे त्यांस येथें 'असकृत्कर्म' हा शब्द आठवल्यावांचून राहणार नाहीं. असकृत् म्हणजे एकदांच नव्हे, वारंवार. ग्रहणाचा स्पर्शकाल काढावयाचा तर चंद्राची त्या वेळची स्थिति हवी, आणि ती स्थिति काढावयाची तर तो काल हवा. या पेंचांतून सुटण्यासाठीं आमचे ज्योतिषी एक अंदाजी काल धरून गणित करीत, आलेला काल पुन्हा घालून पुन्हा करीत, आणि मागच्या व पुढच्या उत्तरांत भेद उरला नाहीं म्हणजे थांबत. त्या स्थितीस 'अविशेष' असें नांव होतें. म्हणून आमच्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता असें कोणी सभेंत उठून म्हणूं नये. रीति ठाऊक होती, आणि तेवढें पुरेसें भूषणास्पद आहे.

पळीचे चार भाग होते म्हणून दर फेरीस चूक निम्मी झाली. तेच आठ भाग केले तर एवढ्याच कामास चार-साडेचार फेऱ्या लागतात, आणि प्रत्येक फेरींत खुणाहि दुपटीहून अधिक. खण जितके बारीक तितकें उत्तर नेमकें, पण श्रम भराभर वाढत जातात. एका मोटारींतील वाऱ्याचें व उष्णतेचें गणित करावयास आज कांहीं कोटी खण पाडतात. हें काम मनुष्याच्या हातून होणें नाहीं. तरी एका मनुष्यानें तें एकदां करून पाहिलें होतें. लुई फ्राय रिचर्डसन हा इंग्रज गणिती पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमी सैनिकांच्या गाड्यांवर सेवा करीत असतां, फावल्या वेळांत अशाच खणांच्या रीतीनें सहा तासांपुरता हवामानाचा अंदाज हातानें काढीत बसे. १९२२ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. उत्तर अगदींच फसलें होतें: हवेचा दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल असें निघालें, आणि प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. पुढें असें आढळून आलें कीं रीति मूलतः बरोबर होती. आरंभींचे अंक परस्परांशीं जुळणारे नव्हते, त्यांनीं घात केला. हा दाखला वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें कामीं पडेल. त्याच ग्रंथांत रिचर्डसननें चौसष्ट हजार 'कॉम्प्युटर' एका विशाल दालनांत बसून सर्व पृथ्वीचें हवामान गणीत आहेत अशी कल्पना रंगविली आहे. हे कॉम्प्युटर म्हणजे माणसेंच बरें. त्या काळीं तो शब्द आंकडेमोड करणाऱ्या मनुष्यासच लावीत.

पळींत उष्णता एकटी चालते. रेडिएटरांतून वारा वाहतो, आणि वाऱ्याचें गणित निराळेंच त्रास देतें. वाऱ्याचा वेग दाबावर अवलंबून. पण दाब स्वतः किती, हें सांगणारें वेगळें समीकरणच या गणितांत नाहीं. दाब असा असला पाहिजे कीं प्रत्येक खणांत जितकी हवा शिरली तितकीच बाहेर पडावी, एवढीच त्याची ओळख. घरांतील वडील माणसासारखें त्याचें आहे: स्वतः कांहीं बोलत नाहीं, पण सर्वांचें जमलें नाहीं तर तो ठीक नाहीं असें समजावें. हा पेंच सोडविण्याची जी रीति पुढें जगभर रूढ झाली ती १९७२ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्या दोन कर्त्यांपैकीं एक आपल्या पुण्याचे आहेत. सुहास पाटणकर यांनीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९६२ सालीं पदवी घेतली, मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें पुढील शिक्षण केलें, व १९६७ सालीं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजांतून डॉक्टरेट मिळविली. तेथील प्राध्यापक ब्रायन स्पॉल्डिंग यांच्यासह त्यांनीं ही रीति बसविली. प्रथम दाब अंदाजानें धरावयाचा. त्यावरून वेग काढावयाचे. मग खणोखणीं पाहावयाचें कीं हवा कोठें सांचते आणि कोठें तुटते. जेथें सांचते तेथें दाब वाढवावयाचा, जेथें तुटते तेथें उतरवावयाचा. आणि पुन्हा पहिल्यापासून. हेंहि असकृत्कर्मच. रीतीच्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जोडलीं कीं 'सिंपल' म्हणजे 'सोपी' असा शब्द होतो. पुढें पाटणकर अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत प्राध्यापक झाले, आणि १९८० सालीं त्यांनीं लिहिलेलें लहानसें पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्यांचें आद्य पाठ्यपुस्तक होऊन बसलें. आमच्या मासिकाच्या किती वाचकांस हें नांव ठाऊक असेल? क्रिकेटांतील एखाद्या खेळाडूच्या धांवा मात्र तोंडपाठ असतात. असो.

इतकी तयारी झाल्यावर आतां बॅटरीकडे वळण्यास हरकत नाहीं. विजेच्या गाडींत ज्वलन नाहीं, म्हणून उष्णताहि नाहीं, असा समज पुष्कळांचा आहे; तो खरा नाहीं. लिथियमच्या बॅटरींत लहान लहान सेल असतात. एक नेहमींचा प्रकार १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे अंगठ्याएवढा. कित्येक स्कूटरांत असे शंभरावर सेल एका डब्यांत दाटीनें बसविलेले असतात. सेलांतून वीज वाहूं लागली कीं आंतील अडथळ्यामुळें उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते: दोघे बसून चढ चढतांना प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. सेलाची प्रकृति मनुष्यासारखीच आहे. पंधरा ते पस्तीस अंशांत तो सुखी असतो, त्यावर लवकर वृद्ध होतो. परंतु ऐंशी-नव्वद अंशांपुढें त्याच्या आंतील एक पातळ संरक्षक थर मोडूं लागतो व त्या मोडण्यानें स्वतःच उष्णता उत्पन्न होते. सुमारें १३० अंशांवर धन व ऋण बाजूंमधील प्लॅस्टिकचा पडदा वितळतो. मग आंतल्या आंत दोन्ही बाजू भिडून सेल क्षणार्धांत शेंकडों अंशांवर जातो व जळणारे वायु ओकतो. अशा सेलांच्या कांहीं जातींत प्राणवायुहि आंतूनच सुटतो, म्हणून वर वाळू टाकून ही आग कोंडतां येत नाहीं. फॉस्फेटच्या जातींत प्राणवायु घट्ट बांधलेला असल्यानें ती अधिक शांत आहे. निर्धोक मात्र नव्हे.

एक सेल पेटला तर तो शेजाऱ्यास पेटवितो कीं नाहीं, या एका प्रश्नावर सर्व अवलंबून आहे. सेल एकमेकांपासून किती अंतरावर, मध्यें काय भरलें आहे, वायूस बाहेर पडावयास वाट कोठें, डब्याचा पत्रा उष्णता किती पसरवितो, हें सर्व पळीच्याच गणिताचें मोठें रूप आहे. संगणकावर एक सेल अंकांनीं पेटवावयाचा आणि शेजाऱ्यांचें काय होतें तें पाहावयाचें. अंतर एक मिलिमीटर वाढवून पुन्हा पेटवावयाचा. प्रत्यक्ष प्रयोगांत दर वेळीं एक बॅटरी भस्म झाली असती. येथें थोडी वीज खर्च होते. संगणकास चटका बसत नाहीं, हाच त्याचा गुण.

हें गणित नीट होण्यावर काय अवलंबून असतें तें आपल्या देशानें २०२२ सालीं पाहिलें. मार्च महिन्यांत तमिळनाडूंतील वेलूर येथें रात्रीं घरांत चार्जिंगला लावलेली विजेची स्कूटर पेटली, आणि धुरानें कोंडून एक पिता व त्याची तेरा वर्षांची मुलगी मृत्यु पावलीं. त्याच सुमारास पुण्यांत रस्त्याकडेला उभी असलेली एक स्कूटर धडधडून जळाली. सप्टेंबरांत सिकंदराबादेस विजेच्या स्कूटरांच्या विक्रीदालनास लागलेल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलांत चढून आठ माणसें गेलीं. मार्चमधील प्रकारांनंतर केंद्र सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमली, व बॅटरींच्या परीक्षेचे नियम कडक करून ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. एका सेलाची आग सर्व डब्यांत पसरते कीं नाहीं याची प्रत्यक्ष परीक्षा त्यांत आली.

प्रत्यक्ष हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. प्रतिरूपण हें अनुमान आहे, आणि धुरावरून अग्नीचें अनुमान करावयाचें तर दोहोंची व्याप्ति आधीं पाकगृहांत डोळ्यांनीं पाहिलेली असावी लागते, हें न्यायशास्त्राचा पहिला पाठ शिकलेला विद्यार्थीहि सांगेल. संगणकास जें दिलें नाहीं तें तो देत नाहीं. तांब्याच्या मानानें हवा उष्णता वाहून नेण्यांत सुमारें पंधरा हजार पटीनें मंद आहे. म्हणजे सेल व त्यास निवविणारी पट्टी यांच्यामध्यें मिलिमीटरचा दहावा भाग एवढी हवेची फट राहिली तर ती दीड मीटर तांब्याइतका अडथळा करिते. गणितांत सेल पट्टीस घट्ट चिकटलेला, आणि कारखान्यांत कामगाराच्या हातून तो किंचित् तिरपा बसलेला; मग तें गणित कोणत्या बॅटरीचें झालें? तसेंच बाहेरच्या हवेचें. भोवतीं २५ अंश धरून काढलेलें उत्तर कागदावर फार सुंदर दिसतें. पण चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जाणें ही आतां बातमीहि राहिलेली नाहीं, आणि राजस्थानांत फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं तो ५१ वर गेला होता. रिचर्डसनचा दाखला ध्यानांत ठेवा म्हणून मागें सांगितलें तें याकरितां.

चांगले कारखाने हें जाणतात. ते प्रथम गणित करितात, मग एक नमुना बांधून त्यांत जागोजागीं थर्मोकपल नांवाच्या बारीक तारा खुपसून खरें उष्णतामान मोजतात, आणि दोहोंत अंतर पडलें तर तें कां पडलें याचा शोध घेतात. नव्या मोटारी अमेरिकेच्या डेथ व्हॅलींत, म्हणजे मृत्युदरींत, मुद्दाम नेऊन तापवितात. आपल्याकडे पुण्यास कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून ए. आर. ए. आय. ही संस्था वाहनांच्या परीक्षेचें काम करीत आहे. गणित आणि मोजणी यांचा मेळ बसला म्हणजे मग त्या गणितावर विसंबून, मोजून पाहिल्या नाहींत अशाहि शंभर प्रसंगांचीं उत्तरें काढण्यास हरकत नसते.

म्हणून पत्रकांतील त्या वाक्याविषयीं आमचें म्हणणें असें. शाळेंत मुलानें नुसतें उत्तर लिहिलें आणि रीति दाखविली नाहीं तर आम्ही त्यास गुण देत नसूं, मग उत्तर बरोबर कां असेना. 'संगणकावर परीक्षा झाली आहे' हें नुसतें उत्तर झालें. बाहेरचें उष्णतामान किती धरलें होतें, प्रत्यक्ष एक सेल पेटवून पाहिला होता काय, आणि २०२३ च्या टप्प्याच्या नियमांचें प्रमाणपत्र आहे काय, एवढें दुकानदारास खुशाल विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? साडी घेतांना रंग जाईल काय म्हणून विचारतोंच कीं. उत्तरें नीट मिळालीं तर सूनबाईंची स्कूटर अवश्य घ्यावी, आणि ज्या यजमानांस ती दारांतहि नको आहे त्यांनींहि फार धास्ती घेऊं नये. पेट्रोलची टांकी आपण इतकीं वर्षें दारांत ठेवीतच आलों आहों.

जिन्याखालच्या चार्जिंगला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे, व त्याचें कारणहि याच गणितांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालीं २०१८ सालीं विजेच्या मोटारींसाठीं जे आंतरराष्ट्रीय नियम झाले त्यांत असें आहे कीं, एक सेल बिघडला तर आंत बसलेल्यांस धोका पोंचण्यापूर्वीं निदान पांच मिनिटें गाडीनें सूचना द्यावी, म्हणजे उतरून जातां येईल. चीननें २०२० सालीं असाच पांच मिनिटांचा नियम केला होता. २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमांत, पांच मिनिटांवर न थांबतां, बॅटरी पेटूंच नये व फुटूंच नये अशी अट घातली, व तिच्या अंमलाची तारीख १ जुलै २०२६ ठरविली. परंतु पांच मिनिटांचा हिशोब जाग्या माणसांचा आहे. रात्रीं दोन वाजतां, सर्व मंडळी माडीवर निजलेली आणि खालीं उतरण्याची एकच वाट त्या गाडीवरून जाणारी, हा प्रसंग कोणत्याहि कारखान्याच्या खणांत मांडलेला नसतो. तो मांडणें घरच्यांचेंच काम.

तेव्हां गाडी अंगणांत किंवा पडवींत, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर उभी करावी. फिरून आल्याबरोबर चार्जिंगला लावूं नये. सेल निवण्यास थोडा वेळ द्यावा. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरावा, आणि शक्य तों माणसें जागीं असतांना वापरावा. काढतां येणारी बॅटरी निजण्याच्या खोलींत आणूं नये. डबा फुगलेला दिसला, गोडसर उग्र वास आला अथवा धूर निघाला, तर विझविण्याच्या भरीस न पडतां प्रथम मुलांस व वृद्धांस बाहेर काढावें आणि अग्निशामक दलास १०१ वर कळवावें. तो धूर विषारी असतो, आणि वेलूरच्या त्या घरांतील दोघांचा घात त्यानेंच केला.